फुगलेल्या शिरा: आधी उभ्याने डॉप्लर, मग यंत्राची निवड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘व्हेरिकोज व्हेन्सवर अर्ध्या तासात इलाज, टाका नाही, मुक्काम नाही’ अशा जाहिराती शहर पुरवण्यांत आता रोजच्या झाल्या आहेत. टाका नाही आणि मुक्काम नाही, एवढे त्यात खरे आहे. पण प्रत्येक जाहिरातीत एकाच तंत्राचे नाव मोठ्या अक्षरात असते, कुठे लेझर, कुठे गोंद, कुठे फोम, आणि रुग्ण घरूनच तंत्र ठरवून दवाखान्याची पायरी चढतो. या आजारात तंत्र सगळ्यात शेवटी ठरते. नेमकी कुठली शीर बिघडली आहे, ती किती लांब, किती रुंद, कातडीखाली किती खोल आणि कुठल्या मज्जातंतूला खेटून आहे, हे आधी कळावे लागते. ते न पाहता केलेले लेझरही वाया जाते आणि गोंदही. म्हणून हे सविस्तर पत्र.

पायातले रक्त वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेले रक्त परत उतरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. झडप नीट मिटेनाशी झाली की उभे राहताच रक्त उलटे उतरते आणि घोट्यापाशी दाब साठतो. संध्याकाळी पाय जड होतात, पोटरीत गोळे येतात, घोट्याभोवती सूज चढते. पुढे खाज, मग आतल्या घोट्याच्या वरची कातडी तपकिरी, काळपट आणि चामड्यासारखी कडक, आणि शेवटी न भरणारी जखम. केसपेपरवर सी-२, सी-४, सी-६ असे जे लिहिलेले असते ती याच क्रमाची नोंद आहे: सी-२ म्हणजे नुसत्या फुगलेल्या शिरा, सी-३ सूज, सी-४ कातडीतले बदल, सी-५ भरून आलेली जखम, सी-६ उघडी जखम. कंडक्टर, वाहतूक पोलीस, शिक्षक, पोळीभाजी केंद्रात दिवसभर ओट्याशी उभ्या असणाऱ्या बायका, सलूनमधले कारागीर यांना हा त्रास फार लवकर जाणवतो.

डोळ्यांना दिसणारी वेटोळी बहुतेक वेळा फांद्या असतात. खोड आत असते. बहुतेकांत ते लांब सॅफिनस शिरेचे असते, आतल्या घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारे. काहींत पोटरीच्या मागून गुडघ्यामागे जाणाऱ्या छोट्या सॅफिनसचे. खोड तसेच ठेवून फांद्यांवर इंजेक्शने मारली की त्या पुन्हा फुगतात, आणि रुग्ण म्हणतो, ‘हा आजार कधी बराच होत नाही.’

शिरेतल्या रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी उभ्यानेच व्हायला हवी. रुग्णाने स्टुलावर उभे राहायचे, भार दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय गुडघ्यात किंचित वाकवून बाहेर वळवलेला. तपासणारा जांघेत प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) ठेवतो आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबून सोडतो. दाबताना रक्त वर जाते, पडद्यावर एक रंग दिसतो. हात सोडल्यावर निरोगी शिरेत रंग लगेच विझतो. झडप निकामी असेल तर दुसरा रंग उमटतो आणि टिकतो, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर तो दोष. आडवे झोपवून केलेल्या तपासणीत रक्ताला पायाकडे ओढणारे गुरुत्वाकर्षण नसते, त्यामुळे हा उलटा प्रवाह कमी दिसतो किंवा अजिबात दिसत नाही. रुग्णाने रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधाव्यात: कुठल्या शिरेत उलटा प्रवाह, कुठून कुठपर्यंत, शिरेची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का. ‘बायलॅटरल व्हेरिकोज व्हेन्स नोटेड’ (दोन्ही पायांत फुगलेल्या शिरा दिसल्या) एवढ्या ओळीवर कुणीही शस्त्रक्रियेची तारीख देऊ नये.

यात आपल्याकडची एक अडचण आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदलेल्या जागी आणि नोंदणी असलेल्या डॉक्टरांनीच वापरायचे असते. कायदा हवाच. पण त्यामुळे पुष्कळ ठिकाणी शिरेवर काम करणारा सर्जन स्वतः डॉप्लर करत नाही, दुसऱ्याच्या कागदावर चालतो. अशा वेळी उपचाराच्या आधी दोघांनी मिळून रुग्णाच्या पायावर मार्करने शिरेचा नकाशा काढला तर निम्म्या चुका तिथेच टळतात.

आता तंत्रांकडे. लेझर (प्रकाशकिरण) आणि रेडिओफ्रिक्वेन्सी (विद्युतलहरी) या दोन्ही उष्णतेच्या पद्धती. दोन्हींत गुडघ्याजवळ किंवा त्याच्या थोडे खाली सोनोग्राफीत बघून सुई घालतात, तिच्यातून फायबर (लेझरची तार) किंवा कॅथेटर (बारीक नळी) जांघेपर्यंत सरकवतात, टोक खोल शिरेच्या जोडापासून साधारण २ ते २.५ सेंटिमीटर अलीकडे थांबवतात आणि आतून शीर भाजत मागे येतात. भाजलेली शीर आकसते, बंद होते, काही महिन्यांत शरीर तिची दोरी करून टाकते. रक्त निरोगी खोल शिरांतून जातच असते, त्यामुळे ‘शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार’ ही भीती बाळगायचे कारण नाही.

यातला कसोटीचा भाग भूल देण्याचा आहे. पाठीत सुई लागत नाही. थंड सलाइनमध्ये लिग्नोकेन हे भुलीचे औषध ०.१ टक्क्याच्या आसपास पातळ करून, त्यात थोडे ॲड्रिनॅलिन आणि सोडा बायकार्बोनेट घालून ते द्रव शिरेभोवती भरतात. जांघेपासून गुडघ्यापर्यंतच्या शिरेला ३०० ते ५०० मिलिलिटर सहज लागते. पडद्यावर सॅफिनस शीर स्नायूवरच्या दोन पांढऱ्या पडद्यांमध्ये डोळ्यातल्या बाहुलीसारखी दिसते. द्रव बरोबर त्या डोळ्याच्या आत गेले की बाहुलीभोवती काळे कडे उठते, शीर दबून कॅथेटरला चिकटते आणि कातडी तिच्यापासून किमान १ सेंटिमीटर वर उचलली जाते. हे द्रव एकाच वेळी वेदना थांबवते, रक्त बाहेर ढकलते आणि आजूबाजूचे मांस भाजण्यापासून वाचवते. घाईत ते पडद्याच्या बाहेर चरबीत भरले, तर रुग्णाला उपचार चालू असताना चटका जाणवतो, कातडी भाजू शकते आणि शीर नीट बंद होत नाही. इथे वाचवलेली दहा मिनिटे नंतर महागात पडतात.

लेझरमध्ये किती ऊर्जा दिली यावर सारे अवलंबून आहे. ८ वॅट शक्तीवर १ सेंटिमीटर मागे यायला ८ सेकंद घेतली तर त्या सेंटिमीटरला ६४ ज्यूल मिळतात. भरभर ओढले तर तेवढा तुकडा अर्धवट भाजतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उघडतो. फार रेंगाळले तर भिंतीला भोक पडून मांडीवर निळे-जांभळे डाग आणि आठवडाभर ठसठस. जुनी ८१० आणि ९८० नॅनोमीटरची यंत्रे उघड्या टोकाच्या फायबरसह वापरली जात, त्यांत हा त्रास जास्त होता. १४७० नॅनोमीटरची किरणे शिरेच्या भिंतीतल्या पाण्यात शोषली जातात, आणि टोकापासून चहूबाजूंना किरण सोडणारे रेडियल फायबर एकाच जागी भोक पाडत नाही. म्हणून ‘लेझर करणार’ एवढ्यावर समाधान न मानता तरंगलांबी किती आणि फायबर कुठले, हे विचारायला हरकत नाही.

रेडिओफ्रिक्वेन्सीत हाताच्या वेगाचा प्रश्न बराचसा मिटतो. प्रचलित कॅथेटरचे तापणारे टोक ७ सेंटिमीटर लांब असते. ते १२० अंश सेल्सिअसवर २० सेकंद तापते, मग पुढच्या खुणेपर्यंत मागे ओढायचे, पुन्हा २० सेकंद. जांघेजवळच्या पहिल्या तुकड्याला दोन फेऱ्या. वरून प्रोबने दाब द्यायचा, नाहीतर कॅथेटर आणि भिंत यांमध्ये रक्त राहते आणि तेच तापत बसते. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर चार पद्धतींची तुलना झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. वर्षभराने लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी आणि जुनी शीर ओढून काढण्याची शस्त्रक्रिया या तिन्हींत पुन्हा उघडलेल्या शिरा ५-६ टक्क्यांच्या आसपास होत्या, फोममध्ये सुमारे १६ टक्के. दुखणे रेडिओफ्रिक्वेन्सी आणि फोममध्ये सर्वांत कमी होते. त्या तुलनेतले लेझर मात्र जुन्या पद्धतीचे होते, हे लक्षात ठेवायला हवे. आजच्या रेडियल फायबरच्या लेझरमध्ये आणि रेडिओफ्रिक्वेन्सीत आम्हाला फार अंतर दिसत नाही. करणाऱ्याचा हात ज्यावर बसला आहे ते बरे.

गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्याच कुळातला, शरीरासाठी बनवलेला. याचे मोठे सुख म्हणजे मांडीभर भुलीची टोचाटोची नाही आणि उष्णताही नाही. टोक जांघेच्या जोडापासून ५ सेंटिमीटर अलीकडे ठेवतात. पिस्तुलासारख्या साधनाने ०.१ मिलिलिटरचे दोन थेंब १ सेंटिमीटरच्या अंतराने सोडून तीन मिनिटे वरून दाबून धरायचे; पुढे दर ३ सेंटिमीटरला एक थेंब आणि ३० सेकंद दाब. पूर्ण मांडीला दीड-दोन मिलिलिटर गोंद पुरतो. अमेरिकेतल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनी शीर बंद राहण्याचे प्रमाण गोंदात ९४ टक्क्यांच्या आणि रेडिओफ्रिक्वेन्सीत ९२ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे जवळपास सारखे.

मग सगळ्यांना गोंदच का नाही? एक तर तो शरीरात कायमचा राहतो, काढून घेता येत नाही. दुसरे, काही रुग्णांत पहिल्या दोन आठवड्यांत शिरेच्या रेषेवर कातडी लाल, गरम आणि खाजरी होते. ही गोंदावरची ॲलर्जी आहे. ती जंतुसंसर्ग समजून उगाच अँटिबायोटिक दिले जाते. बहुतेकांना ॲलर्जीच्या गोळ्या आणि सूज कमी करणारे औषध पुरते, क्वचित स्टेरॉइड लागते, आणि फारच क्वचित ती शीर कापून काढावी लागते. कृत्रिम नखे किंवा पापण्या चिकटवताना ज्यांना पुरळ उठले आहे त्यांनी ते आधीच सांगावे, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. शीर कातडीच्या अगदी खाली असेल तर बारीक माणसाला महिनोन्महिने हाताला दोरी लागत राहते. आणि जिच्या जवळ जखम चिघळलेली आहे अशा शिरेत बाहेरची वस्तू कायमची ठेवताना दोनदा विचार करावा.

फोम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा दिसतो. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची कळ. १ मिलिलिटर औषध, ४ मिलिलिटर हवा, वीसेक वेळा इकडून तिकडे. दुधाच्या सायीसारखा घट्ट फेस होतो आणि एक-दोन मिनिटांत फुटू लागतो, म्हणून तो बनवून ट्रेमध्ये ठेवून द्यायचा नसतो. सुई शिरेत आहे हे आधी सोनोग्राफीत बघून मगच फेस सोडायचा. एका बैठकीत १० मिलिलिटरच्या वर जाऊ नये. त्याहून जास्त गेला की खोल शिरेत गुठळी, छातीत दडपण, डोळ्यांसमोर चमकणे असले प्रकार वाढतात. अर्धशिशी असणाऱ्यांना आणि हृदयाच्या पडद्यात छिद्र असणाऱ्यांना विशेष जपावे लागते. ब्रिटनमधल्या ७९८ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी या आजाराच्या दृष्टीने फोमवाल्यांचे जीवनमान लेझर आणि शस्त्रक्रियेपेक्षा कमी भरले. जाड खोडासाठी फोम हा पहिला पर्याय नव्हे. पण वेटोळ्या फांद्या, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा फुटलेल्या शिरा, जखमेखालचे जाळे, जिथे कॅथेटर वळणच घेत नाही, तिथे फोमसारखे दुसरे काही नाही. ऐंशीच्या घरातल्या, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णालाही तो झेपतो. कातडीवर तपकिरी रेघ काही महिने राहू शकते, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

फिरत्या तारेने भिंत खरवडत औषध सोडण्याची एक पद्धतही आहे. भूल लागत नाही, पण शीर पुन्हा उघडण्याचे प्रमाण उष्णतेच्या पद्धतींपेक्षा जास्त आहे, म्हणून इथे ती लांबवत नाही. जांघेत कापून शीर ओढून काढण्याची शस्त्रक्रियाही बाद झालेली नाही. अतिशय रुंद, वेड्यावाकड्या शिरांना आणि जिथे यंत्र परवडत नाही तिथे ती आजही चांगली आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ मध्ये आधी उष्णता, ती शक्य नसेल तर फोम, तोही नसेल तर शस्त्रक्रिया असा क्रम लावून दिला. युरोपच्या रक्तवाहिनी सर्जनांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही उष्णता पहिलीच आहे, आणि उष्णता टाळायची असेल तर गोंदाचा विचार करावा असे म्हटले आहे.

उष्णता टाळायची कुठे, हे शरीररचना सांगते. पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागात लांब सॅफिनस शिरेला सॅफिनस मज्जातंतू अगदी चिकटून असतो, आणि छोट्या सॅफिनसला पोटरीमागे सुरल मज्जातंतू. तिथे लेझर खाली घोट्यापर्यंत नेले तर पायाच्या आतल्या कडेला किंवा टाचेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, मुंग्या येऊ शकतात, काहींना कायमच्या. म्हणून गुडघ्याखाली उष्णता थांबवायची आणि उरलेल्या भागाला फोम किंवा गोंद, किंवा २-३ मिलिमीटरच्या छिद्रांतून हुकने फांद्या काढणे. एकाच पायाला दोन-तीन तंत्रे लागणे हा चांगल्या नियोजनाचा भाग आहे, आणि ‘आम्ही फक्त लेझर करतो’ म्हणणाऱ्या ठिकाणी नेमके हेच होत नाही.

काही रुग्णांना यातले काहीच करू नये, निदान लगेच नाही. खोल शिरा जुन्या गुठळीने बुजलेल्या असतील तर वरच्या फुगलेल्या शिराच रक्ताची पर्यायी वाट असतात. त्या बंद केल्या तर पाय आणखी सुजतो. गरोदरपणात थांबावे, बाळंतपणानंतर काही महिन्यांत शिरा आपोआप बऱ्याच ओसरतात. मधुमेही आणि तंबाखू ओढणाऱ्या रुग्णांत पायाच्या धमन्या आधी तपासाव्यात. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या निम्म्याहून कमी असेल आणि आपण घट्ट पट्टी बांधली तर पाऊल काळे पडू शकते. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येतो, तिथे पावलावरचा प्रवाह डॉप्लरने ऐकावा.

उपचारानंतर त्याच दिवशी चालायचे, दर तासाला थोडे. झोपून राहिले की गुठळीचा धोका वाढतो. उष्णतेच्या उपचारानंतर आठवड्याभरात पुन्हा डॉप्लर हवा, कारण बंद शिरेतली गुठळी क्वचित जांघेच्या जोडातून खोल शिरेत डोकावते. ती वेळेत दिसली तर औषधाने आवरते. ही दुसरी तपासणी पॅकेजमध्ये आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारावे. फायबर आणि कॅथेटर एकदाच वापरायचे असतात. पाकिटावरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्यावा. विमा असेल तर पॉलिसी वाचावी, अनेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्ससाठी दोन वर्षे थांबावे लागते. दाबाचे मोजे २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याचे, सकाळी बिछान्यातून उतरण्याआधी चढवायचे. सूज आल्यावर चढवले तर ते चढतही नाहीत आणि चढले तर टोचतात.

सर्वांत कळकळीने लिहायचे आहे ते जखमांबद्दल. घोट्यावरच्या जखमेला वर्ष-वर्ष ड्रेसिंग चालू आहे, निरनिराळी मलमे बदलली जात आहेत आणि शिरेकडे कुणी पाहिलेलेच नाही, असे पाय गावोगावी आहेत. ‘आधी जखम भरू दे, मग शिरेचे बघू’ हा सल्ला आता टिकत नाही. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांच्या आत शीर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली. थांबवून ठेवलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. दोन्ही गटांना दाबाची पट्टी होतीच. त्याआधी २००४ मध्ये दुसऱ्या ५०० रुग्णांत दिसले होते की नुसत्या पट्टीने भरलेली जखम वर्षभरात २८ टक्क्यांत उलटली, शिरेवर शस्त्रक्रियाही केलेल्यांत १२ टक्क्यांत. यात नवे यंत्र कुठले, हा मुद्दाच नाही. जिल्हा रुग्णालयात लेझर नसेल तर फोम करा, तेही नसेल तर शस्त्रक्रिया करा. पण सहा आठवडे न भरलेल्या घोट्याच्या जखमेचा डॉप्लर झालाच पाहिजे.

आणि फुगलेल्या शिरेतून कधी एकदम रक्ताची धार लागली, बहुधा गरम पाण्याने अंघोळ करताना लागते, तर मांडीला किंवा गुडघ्याखाली दोरी, ओढणी काही बांधू नका. तशाने रक्त वर जायची वाट बंद होते आणि धार वाढते. रुग्णाला तिथेच जमिनीवर आडवे करा, पाय बादलीवर किंवा खुर्चीवर छातीपेक्षा उंच ठेवा आणि स्वच्छ फडक्याची घडी नेमक्या त्या जागी बोटांनी दहा मिनिटे न उचलता दाबून धरा. रक्त थांबते. मग पट्टी बांधा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि डॉप्लर त्याच आठवड्यात करून घ्या.

आपले,
शिरांच्या आजारांवर काम करणारे काही डॉक्टर